बॅबेटची मेजवानी : जिभेची चव आणि मनाची कृतज्ञता

सुग्रास भोजनाविषयी आपल्या धर्मग्रामांत दोन वृत्ती नांदताना दिसतात. एक वृत्ती चवीने जेवणाऱ्याकडे संशयाने पाहते. सात प्रमुख पापांत खादाडपणाची गणना झालेली असल्यामुळे, ताटात रस घेणे म्हणजेच पापाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणे, असे तिला वाटते. दुसरी वृत्ती प्रवासाहून परतली की कोणत्या शहरी काय खाल्ले याची वर्णने आठवडाभर ऐकवते. घरच्या ताटाविषयी मात्र तिच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत. या दोन्ही वृत्तींना कसोटीस लावणारी एक कथा पाश्चात्त्य साहित्यात आहे. तिचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन (१८८५–१९६२) यांनी इसाक दिनेसेन या टोपणनावाने इंग्रजीत लिहिलेली 'बॅबेट्स फीस्ट' ही कथा १९५० साली एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली व १९५८ साली त्यांच्या कथासंग्रहात आली. १९८७ साली गॅब्रिएल आक्सेल यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्यास सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक लाभले.

कथानक साधे आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका लहान गावी मार्टीने व फिलिप्पा या दोन अविवाहित भगिनी राहतात. एका कडक प्रोटेस्टंट पंथाच्या संस्थापकाच्या त्या कन्या. त्यांची नावेही मार्टिन ल्यूथर व फिलिप मेलान्क्थॉन यांच्यावरून ठेवलेली. १८७१ साली पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडला गेला. त्यात पती व पुत्र गमावलेली बॅबेट ही फ्रेंच कॅथलिक स्त्री त्यांच्या दारी आश्रयास येते. भगिनी तिला कॉड मासा आणि बियरमध्ये शिजवलेली पावाची पेज करावयास शिकवतात. ती मुकाट्याने शिकते. बारा वर्षांनी तिला लॉटरीत १०,००० फ्रँक मिळतात. दिवंगत संस्थापकाच्या शंभराव्या जन्मदिनी आपण फ्रेंच पद्धतीचे भोजन करू, एवढीच परवानगी ती मागते. पुढे स्वयंपाकघरात भलेमोठे जिवंत कासव येऊन पडते, तेव्हा मार्टीनेचा थरकाप होतो. जेवताना अन्नाविषयी चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथ पंथाची वृद्ध मंडळी घेतात.

पंगतीला बारा माणसे बसतात. हा आकडा पाहून पुष्कळ ख्रिस्ती समीक्षकांनी ही कथा थेट प्रभुभोजनाचे रूपक ठरविली आहे. ते साम्य आम्ही नाकारीत नाही. परंतु रूपकाकडे धाव घेण्याची घाई मात्र आम्हास मान्य नाही. लेखिकेने कासवाचे सूप, लहान पोळ्यांवर वाढलेली माशाची अंडी, पिठाच्या कवचात भाजलेले लावे आणि सालासकट नोंदविलेली मद्ये यांवर जी मेहनत घेतली आहे, ती केवळ प्रतीकासाठी कोणी घेत नाही. या कथेत अन्न हे प्रथम अन्न आहे. आधी ते खाल्ले गेले पाहिजे. अर्थ मागाहून येतो.

पंगतीत एकच प्रवासी आहे : जनरल लोव्हेनहिल्म. पॅरिसच्या 'कॅफे आंग्ले'मध्ये तो पूर्वी जेवलेला आहे. पहिल्या घासापासून तो थक्क होतो व प्रत्येक पदार्थ नावानिशी ओळखतो. शेजारची मंडळी शॅम्पेनला लिंबाच्या सरबताचा एखादा प्रकार समजून ती पितात आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलतात. हा विनोद लेखिकेने फार नाजूक हाताने साधला आहे. परंतु गंमत अशी, की ज्यांना चवीची ओळख नाही त्यांच्यातच मोठा बदल घडतो. वर्षानुवर्षे धुमसणारे हेवेदावे त्या रात्री विरघळतात आणि जुने अपराध क्षमेस पात्र होतात.

तर मग उत्तम अन्न माणसास उत्तम करते काय? येथे लेखिका आपल्याला सहजासहजी सुटू देत नाही. जनरल ज्या जुन्या मेजवानीची आठवण सांगतो, तिच्यात गालिफे हा फ्रेंच सेनाधिकारी होता. कम्यूनच्या बंडखोरांना निर्दयपणे गोळ्या घालणारा म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध झालेला हाच तो गालिफे. बॅबेटच्या पाककलेची थोरवी त्याला पुरेपूर कळत होती. जीभ सुसंस्कृत, हात रक्ताने माखलेले! त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की ज्यांनी आपल्या माणसांचा जीव घेतला त्यांच्यासाठीही बॅबेट हळहळते, कारण आपली कला समजणारे तेच होते. हा पेच लेखिका सोडवीत नाही, आणि तेच योग्य झाले आहे. चोखंदळपणा हा सद्गुण नव्हे. चवीविषयीचे अज्ञान हीदेखील पवित्रता नव्हे.

रूपकवाद्यांची दुसरी अडचण शेवटी येते. सर्व १०,००० फ्रँक एका भोजनावर खर्च झाल्याचे ऐकून भगिनींना वाटते, की तिने हे आपल्यासाठी केले. बॅबेट ते स्पष्टपणे नाकारते. तिने ते स्वतःसाठी केलेले असते, कारण ती कलावंत आहे. म्हणजे हा निव्वळ आत्मत्याग नव्हे. आपल्या अंगच्या देणगीचा पूर्ण वापर करण्याची मुभा एकदा तरी मिळावी, ही ती भूक होती. बारा वर्षे ती पेजेखाली झाकलेली होती. आमच्या मते कथेचा गाभा येथे आहे. आपण स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला 'त्यागमूर्ती' म्हणून मोकळे होतो. तिच्या हाती कला आहे आणि त्या कलेला जाणकार हवा, हे म्हणावयास आपली जीभ धजत नाही.

बॅबेट त्या रात्री पंगतीत येत नाही. पाहुणे गेल्यावर ती ओशट भांड्यांच्या राशीत थकून बसलेली असते आणि भगिनींच्या तोंडून जेवण चांगले झाल्याचे एखादे बेताचे वाक्य तेवढे निघते. अखेर फिलिप्पा तिला मिठी मारते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतीत्सिया' या कुटुंबविषयक पत्रात नेमका हा क्षण वेचला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पंगतीतील बारा माणसांकडे त्यांनी बोट दाखविले नाही. दुसऱ्यास आनंद देणाऱ्या व त्याबद्दल प्रेमाने गौरविल्या गेलेल्या आचारिणीकडे दाखविले.

वाचकहो, काना गावच्या लग्नातही उत्तम द्राक्षारसाची वाहवा भोजनप्रमुखाने वराजवळ केली. तो कोठून आला हे रांजण भरणाऱ्या सेवकांनाच ठाऊक होते. परगावी जेवताना आपणही त्या जनरलसारखे जाणकार व्हावे, यात वावगे काही नाही. नवी चव ओळखणे हा देवाच्या निर्मितीचा आदरच आहे. परंतु जनरलची सारी प्रशंसा मेजापाशीच संपली. आपण कोणाच्या हातचे जेवलो याचा पत्ता न लागताच तो बर्फातून निघून गेला. स्वयंपाकघर मात्र भिंतीपलीकडेच होते. आपल्या घरी ते त्याहूनही जवळ असते.