‘सरंजामशाही’ म्हणताना पेढी विसरू नका

मध्ययुगीन युरोपबद्दल बोलताना आपण ‘सरंजामशाही’ हा शब्द सर्रास वापरतो, आणि तोच शब्द मग बडोद्याच्या गायकवाडीलाही चिकटवतो. हे कितपत बरोबर, हे तपासायला मार्क ब्लॉक यांच्या ‘फ्यूडल सोसायटी’ (मूळ फ्रेंच १९३९-४०, इंग्रजी भाषांतर १९६१) इतका चांगला ग्रंथ नाही, असं माझं मत आहे.

ब्लॉक सनावळीत अडकत नाहीत. त्या काळच्या माणसाला वेळ कशी कळायची, असले प्रश्न ते विचारतात. माँस इथे द्वंद्व ठरलं होतं. एक पक्ष पहाटेच हजर, दुसऱ्याचा पत्ता नाही. पण ठरलेली मुदत टळली की नाही, हे ठरवायला न्यायाधीशांना पाद्र्यांना विचारावं लागलं! एवढ्या एका गोष्टीत सगळा काळ दिसतो. उणीव म्हणाल तर शेतकऱ्याचं घर आणि चूल इथे फारशी भेटत नाही; भर सरदार आणि त्यांच्या नात्यांवरच आहे.

दोन धन्यांत वैर आलं तर चाकराने कुणाकडे जायचं, हा ब्लॉक यांच्या युरोपातला मोठा पेच. तो आपल्या दाराशीही आहे. मांजलपूरहून डभोई काही लांब नाही. १७३१ साली तिथे बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे लढले. दोघेही शाहू छत्रपतींचे सेवक. पिलाजी गायकवाड उभे राहिले ते दाभाड्यांच्या बाजूने, कारण ते त्यांचे सरदार. इथवर साम्य अगदी पटतं.

पण पुढे गाडी अडते. ब्लॉक यांच्या मते चाकरीचा मोबदला जमिनीच्या रूपात देण्याचं एक मोठं कारण म्हणजे नाण्यांची टंचाई. अठराव्या शतकातल्या गुजरातेत नाणं खुळखुळत होतं. गायकवाडीत महालांची वसुली इजाऱ्याने दिली जाई आणि दरबाराला हरिभक्तींसारख्या पेढ्या कर्ज देत. १८०२ च्या सुमारास अरब शिबंदीचा थकलेला पगार भागवायला कर्जच उभारावं लागलं. म्हणजे राज्य नुसत्या निष्ठेवर नव्हे, हुंडी आणि व्याजावरही चाललं होतं. कुळाला तगादा लावणारा माणूस घोड्यावरचा सरदारच असेल असं नाही. तो वसुलीचा मक्ता घेतलेला इजारदारही असे.

‘सरंजाम’ म्हणजे मुळात सामग्री. आजही आपण ‘लग्नाचा सरंजाम’ म्हणतोच की. फौजेच्या सामग्रीसाठी नेमून दिलेला महसूल तो सरंजाम. त्याला ‘शाही’ जोडून युरोपचा साचा बसवला की सरदार तेवढा उठून दिसतो आणि सराफ, इजारदार, कूळ झाकले जातात. तेव्हा वाडे दाखवताना पेढ्याही दाखवूया. ब्लॉक वाचून हाती लागतं ते हेच: साम्य शोधावं, पण फरक जिथे सुरू होतो तिथे थांबून नीट बघावं.