‘परत करणे’ आणि ‘परत येणे’

२०२० साली फ्रेंच संसदेपुढे एक छोटे विधेयक आले. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनला २६ वस्तू आणि सेनेगलला एक तलवार द्यायची, एवढाच त्याचा विषय. सिनेटने त्याच्या शीर्षकातला ‘रेस्तित्युस्याँ’ हा शब्द काढून ‘रतूर’ घातला. मी फ्रेंच शिकलो ते कोश उशाशी घेऊन, त्यामुळे अशा जागी जरा जास्तच अडखळतो. पहिल्या शब्दात ज्याचे त्याला परत करणे आहे, दुसऱ्यात नुसते परत येणे. ‘करणे’ म्हटले की करणारा आला, आणि वस्तू त्याच्याकडे मुळात गेली कशी, हा प्रश्नही आला. परत काय, मांजरही येते!

वस्तू कशा गेल्या हे गुपित नाही. १८९२ मध्ये दोद्स या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या फौजेने डाहोमे राज्याची राजधानी अबोमे घेतली आणि राजवाडा लुटला. पुढे दोद्सने ही लूट पॅरिसच्या संग्रहालयाला ‘भेट’ दिली. बेनिनने २०१६ मध्ये ती मागितली, तेव्हा सरकारी संग्रहातले काही देता येत नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी मॅक्राँ यांनी वागादुगूच्या भाषणात नेमके उलटे आश्वासन दिले. मधल्या काळात कायदा बदलला नव्हता, गरज बदलली होती. आफ्रिकेत फ्रान्सची पत घसरत होती, हेच मला मुख्य कारण वाटते, पश्चात्ताप त्यानंतर.

शीर्षकात अखेर ‘रेस्तित्युस्याँ’च राहिला, पण कायदा तेवढ्या वस्तूंपुरताच. सार-सावॉय अहवालाने २०१८ मध्ये फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांतल्या अशा आफ्रिकी वस्तूंचा अंदाज सुमारे ९०,००० दिला होता.

माती दिओप यांचा ‘डाहोमे’ हा चित्रपट (२०२४) पाहावा तो इथे. त्यात गेझो राजाचा पुतळा स्वतः बोलतो; ती युक्ती मला जड वाटली. पण विद्यापीठातली मुले वाद घालतात तो भाग विलक्षण आहे. कुणाला अभिमान वाटतो, कुणाला २६ हा आकडाच अपमान वाटतो. आणि हा वाद आपण फ्रेंचमध्येच घालतो आहोत, हेही त्यात निघते. ती भाषा कोणत्या पेटीत घालून परत पाठवायची?

जुलै २०२४ मध्ये वाघनखे साताऱ्यात आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती ३ वर्षांसाठी उसनी दिली आहेत. ती शिवरायांचीच, असे ते संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही. ग्रँट डफला ती भेट मिळाली, असे पेटीवर लिहिले आहे. हे सगळे ठाऊक असून, रांगेत उभा असताना माझ्याही तोंडून ‘परत आली’ असेच निघाले.