काळ्या साखळीचे दुसरे टोक

डोंगरी महाकायांचा सरदार नॉस्नरा याच्या लाकडी गढीत मेजवानी ऐन रंगात आली आहे. दाराशी नेमलेले पहारेकरी दारूच्या धुंदीत झोपी गेले आहेत, आत मोठ्या दालनात सरदार आपल्या बायकोसह मानाच्या जागी बसला आहे, त्याचे पाळीव अस्वलही त्याच दालनात आहे, आणि या सगळ्या गलबल्याकडे एका अंधाऱ्या बोळातून चार-पाच माणसे श्वास रोखून पाहत आहेत. या माणसांपुढे पर्याय फार नाहीत. महाकायांच्या धाडींनी त्रस्त झालेल्या राजेरजवाड्यांनी त्यांना बजावून पाठवले आहे की लूट खुशाल तुमची, पण बंदोबस्त केल्याविना परतलात तर मान तुमच्या धडावर राहणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातली ही एक प्रख्यात सुरुवात. १९७८ साली गॅरी गायगॅक्स यांनी सुरू केलेल्या साहसमालिकेचे हे पहिले पुस्तक. टेबलाभोवती बसलेले खेळाडू त्या बोळातली माणसे होतात आणि समोरचा डंजन मास्टर उरलेले सगळे जग होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा आनंद घ्यायला आपण मोकळे.

त्या दालनात जरा रेंगाळू या, कारण घाई करणाऱ्या नजरेतून नेमके इथलेच निसटते. पंगतीत डोंगरी महाकाय आहेत हे स्वाभाविकच. पण त्यांच्यात पाषाण-महाकाय बसले आहेत, मेघ-महाकायही आहे. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहणारे हे कुळांचे कुळ एका ताटावर कसे आले? लेखक हा प्रश्न विचारत नाही. तो फक्त पाहुण्यांची यादी देतो. चांगला डंजन मास्टर ती यादी वाचून दाखवताना आवाज किंचितही चढवत नाही. बसलेल्यांचे कातडे, उंची, कपडे यांचे वर्णन करून पुढे जातो आणि तो प्रश्न खेळाडूंच्या मनात आपसूक रुजू देतो. मग कधीतरी, तळघरात उतरल्यावर, बंड करून एक कोपरा अडवून बसलेले ऑर्क गुलाम भेटल्यावर, गुप्त खजिन्याची खोली सापडल्यावर, सोन्यानाण्यापेक्षा मोलाची वस्तू हाती लागते: हिमदरीचा नकाशा, दूरवर नेऊन सोडणारी एक काळी मंतरलेली साखळी आणि सरदाराला धाडलेला एक हुकूम. हुकुमाखाली नाव आहे एक्लाव्ड्रा. हे नाव तोवर कुणीही ऐकलेले नसते.

मला या मालिकेतले सर्वांत देखणे स्थळ हेच वाटते. ना युद्ध, ना वक्तृत्व. एक वस्तू आणि एक अपरिचित नाव. छापील साहसे एकापुढे एक जोडून खेळवताना नवख्याला वाटते की सांधे आपण घालायचे, ‘आता राजाने तुम्हाला दुसऱ्या कामगिरीवर पाठवले आहे’ असे सांगून. इथे दुसरे पुस्तक पहिल्याच्या खजिन्यात पुरून ठेवले आहे, आणि खेळाडू पुढे जातात ते कुणी पाठवले म्हणून नव्हे, तर साखळीचे दुसरे टोक कुठे आहे हे पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नाही म्हणून. मालिका चालवणाऱ्याचे खरे कौशल्य अशा जागा राखण्यात आहे. खेळाडूंना तो खजिना सापडलाच नाही तर? मग तोच हुकूम एखाद्या पळत्या दूताच्या कमरेला सापडू शकतो. वस्तू हलवावी, पण शोधाचा आनंद त्यांच्या हातून काढून घेऊ नये.

पुढे बर्फाळ दरीतला यार्ल, म्हणजे सरदार, ग्रुग्नूर येतो, मग अग्नि-महाकायांचा राजा स्नरे येतो. दुसऱ्या पुस्तकात बोचरा वारा आणि धुके आहे, निसरड्या कडा आहेत, आणि यार्लच्या कैदेत पडलेली एक वादळ-महाकाया आहे. तिला सोडवणाऱ्यांना महाकायांच्या वंशात एक मित्र लाभतो, ही करुणेची बारीक रेघ मला फार आवडते. तिसऱ्या पुस्तकाच्या खोल तळात शेवटी त्या स्वाक्षरीचा देह दिसतो: काळ्या कांतीचे, पाताळवासी ड्राउ. आदल्याच वर्षी आलेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्यांचा उल्लेख केवळ एका दंतकथेसारखा, ओझरता होता. ज्यांनी तो वाचून सोडून दिला होता, त्यांच्यासमोर दंतकथा उभी राहिली.

इथून मालिका आपली जातच बदलते, आणि तिची थोरवी इथे आहे. तीन पुस्तके गढ्या फोडण्यात गेली. चौथे उघडते तो समोर षट्कोनी घरांनी आखलेला, मैलोन्‌मैल पसरलेल्या पाताळमार्गांचा नकाशा. मोठे रस्ते, मधल्या वाटा, अरुंद बोळ. यातल्या थोड्याच जागांचे वर्णन पुस्तकात आहे, बाकीच्या वाटा नुसत्या जातात. कुठे जातात ते डंजन मास्टरने ठरवावे. कीर्तनकाराला आख्यान ठाऊक असते, श्रोत्यांनाही ठाऊक असते, तरी त्या रात्रीचे कीर्तन त्या रात्रीच घडते. तसे हे कोरे रस्ते प्रत्येक टेबलावर वेगळे भरले जातात.

पाचव्या पुस्तकात एक भूमिगत नदी आडवी येते. काठावर मासळीच्या वंशाचा, क्वो-टोआ जातीचा एक नावाडी उभा आहे. मोबदला दिला तर तो पार नेईल. पण दोघांची भाषा एक नाही, खाणाखुणांवर काम. तलवारीच्या सवयीचे हात इथे एकदम थबकतात. तीन पुस्तके ज्यांनी ‘आधी वार, मग विचार’ हा शिरस्ता पाळला, त्यांना कळते की इथे पैसे मोजून, मान राखून, वाट मिळते. पुढचे देवालयही तसेच: तिथल्या देवीपुढे योग्य तो आदर दाखवला तर रक्त न सांडता पलीकडे जाता येते. डंजन मास्टर म्हणून या नावाड्याला घाईघाईने उरकण्याचा मोह टाळावा. त्याचे हातवारे स्वतः करून दाखवावेत, खेळाडूंना गोंधळू द्यावे, गैरसमजाच्या कडेवर प्रसंग तोलून धरावा. कधीकधी सगळ्या मालिकेत लोकांच्या लक्षात राहतो तो हाच नावाडी.

आणि मग ड्राउंची ती विराट गुहा. छतातल्या विचित्र खनिजांच्या प्रभेने तिथे जणू चंद्र आणि तारे उगवले आहेत, खाली एरेल्हाय-सिन्लू नावाचे नगर आहे, आणि नगराभोवती उमराव घराणी एकमेकांवर डोळा ठेवून नांदत आहेत. इथे ठार मारायला कुणी एक शत्रूच उरत नाही. एक्लाव्ड्राचे घराणे कोळी-देवी लॉल्थच्या पुजारिणींची सत्ता झुगारण्यासाठी दुसऱ्याच एका प्राचीन देवतेच्या आश्रयाला गेले होते. महाकायांना चिथावणे हा त्याच डावाचा भाग. म्हणजे मेजवानीतले ते विसंगत पाहुणे इथल्या घराण्यांच्या भांडणातून त्या गढीत पोहोचले होते. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर सहाव्या पुस्तकात मिळते, आणि मिळते ते न्यायाच्या नव्हे तर राजकारणाच्या रूपात. ज्यांच्याविरुद्ध आपण निघालो त्यांचे शत्रू आपले मित्र होतील का, हा प्रश्न खेळाडू आता आपापसांत विचारू लागतात. त्या वेळी डंजन मास्टरने गप्प बसून ऐकावे. घराण्यांची नावे, त्यांची चिन्हे, कोण कुणाच्या मुळावर उठले आहे, एवढे डोक्यात पक्के असले की बाकीचे टेबलच लिहिते.

शेवटचे पुस्तक १९८० चे, डेव्हिड सदरलँड आणि गायगॅक्स यांचे. त्याचा पोत वेगळा आहे हे मान्य करायला हवे. लॉल्थचा वाफेवर चालणारा यांत्रिक कोळ्यासारखा प्रासाद पाहून काही जण आजही नाक मुरडतात. मला मात्र तिथली जाळ्यासारखी वळणे घेणारी वाट आणि वाटेवरची दारे मोहवतात. प्रत्येक दारापलीकडे एक वेगळे जग. एकात सदैव रात्र. लेखकांनी या जगांची मोजकीच रेखाटने दिली आहेत आणि उरलेले खेळवणाऱ्यावर सोपवले आहे. १९८६ साली सातही पुस्तके एका जाड ग्रंथात बांधली गेली आणि २००४ मध्ये ‘डंजन’ मासिकाने या मालिकेला सर्व साहसांत पहिले स्थान दिले, तेव्हाही ती दारे तशीच अर्धवट होती. त्यामुळे आज आपण ही मालिका चालवायला घेतली, तर सातव्या पुस्तकाशी पोचेपर्यंत आपल्यापाशी महिन्यांचा खेळ, घडलेली पात्रे, जुळलेली वैरे, एखादी सुटलेली वादळ-महाकाया आणि एखादा न विसरलेला नावाडी असतो. त्या कोऱ्या जगांत काय ठेवायचे, हे याच ऐवजातून निघते. मी तर रात्रीच्या जगात पहिल्यांदा नॉस्नराच्या एखाद्या वंशजाला बसवेन, त्याच्या पंगतीला पुन्हा चुकीचे पाहुणे बोलावीन, आणि या वेळी खेळाडू यादी किती लवकर वाचतात ते पाहीन.