प्रश्नकर्त्याचा धर्म

बी.बी.सी.चा 'टुडे' हा प्रातःकालीन वृत्तकार्यक्रम १९५७ साली सुरू झाला. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक आली, की त्यास आखाड्याचे रूप येते. आठाच्या बातम्या आटोपल्या, की सुमारे दहा मिनिटांनी एखादा मंत्री अथवा विरोधी पुढारी समोर येतो व त्याची उलटतपासणी आरंभते. ब्रायन रेडहेड, जॉन हम्फ्रीज ह्यांचा लौकिक ह्याच कलेवर उभा राहिला.

सत्ताधाऱ्यास अडचणीचे प्रश्न विचारणारा कोणी असावा, हे लोकसत्तेचे भूषणच होय. परंतु प्रश्नकर्ता पदोपदी बोलणे तोडू लागला, म्हणजे पुढारीही विचार सोडून पाठ केलेल्या वाक्यांच्या आश्रयास जातो. मग श्रोत्यास झुंजीचा निकाल कळतो. करांचा व रुग्णालयांचा हिशेब मात्र कळत नाही. मत द्यावयाचे ते ह्या हिशेबावर, ह्याचा विसर उभयतांस पडतो.

मतदानाच्या दिवशी मात्र निराळाच प्रकार घडतो. सकाळी सातला मतदान सुरू होताच, तेथील नियमानुसार, निवडणुकीच्या वादविषयांची चर्चा नभोवाणीवर बंद होते. रात्री दहास मतदान संपेपर्यंत ती बंदच राहते. सहाला सुरू होणारा हा कार्यक्रमही त्या विषयी मौन धरतो. २०२४ च्या ४ जुलैसही हाच नियम होता.

ह्या मौनात श्रोत्याच्या विवेकाविषयी आदर आहे. प्रचाराच्या दिवसांत तोच आदर उत्तर पुरते ऐकून घेण्यात, आणि ते टाळले गेल्यास तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारण्यात दिसावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.