तीन दिवसांचा मुक्काम

तुर्गेनेव्हची ‘बाप आणि मुले’ ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग बझारोव्हच्या निहिलिझमवरच खर्ची पडला आहे. नव्या-जुन्याच्या झगड्याचे उदाहरण म्हणून शिक्षकवर्गात तिचे नाव घेतले जाते, आणि आम्हीही ते पुष्कळ वर्षे तसेच घेत आलो. परंतु कथानक नीट पाहू गेल्यास तिचा सांगाडा वादविवादाचा नसून घरी येण्याजाण्याचा आहे. शिक्षण घेतलेले दोन मुलगे आपापल्या घरी येतात, आणि त्यांना आपले आईबाप कितपत दिसतात, हा तिचा खरा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली भेट अर्कादीची. त्याचा बाप निकोलाय पेत्रोविच चव्वेचाळीस वर्षांचा, विधुर. घरात फेनेच्का नावाची तरुण स्त्री आहे आणि तिच्यापासून त्याला मूलही झाले आहे. हे मुलाला कसे सांगावे, या विचाराने तो बिचारा गाडीतच चाचरू लागतो. अर्कादी मोठ्या उदारपणे त्याची समजूत काढतो. टीकाकारांनी या उदारपणाचे कौतुक केले तर नवल नाही. पण तुर्गेनेव्ह त्याच ठिकाणी सांगून जातो, की मुलाच्या मनात बापाविषयी माया होती आणि तिच्याबरोबर आपल्या श्रेष्ठपणाची एक चोरटी जाणीवही होती. अर्कादीने बापाला क्षमा केली, एवढाच याचा अर्थ. क्षमा करण्यासाठी माणूस दिसावा लागतोच असे नाही. पुढे हाच मुलगा बापाच्या हातातील पुश्किन हळूच काढून घेतो आणि त्या जागी ब्यूख्नरचे जडवादी पुस्तक ठेवतो. कृती किती सौम्य, आणि किती अपमानकारक!

त्यानंतरचे संध्याकाळचे प्रकरण आम्ही या कादंबरीतील सर्वांत सुंदर प्रकरण मानतो. ‘तुझा बाप कालबाह्य झाला’ अशा आशयाचे बझारोव्हचे बोलणे निकोलाय पेत्रोविचच्या कानी पडलेले आहे. तो बागेत एकटाच बसतो. मृत पत्नी त्याला आठवते. विद्यार्थिदशेत जिन्यावर ती त्याला प्रथम दिसली तो क्षण आठवतो आणि डोळे भरून येतात. इतक्यात फेनेच्का हाक मारते आणि ते सारे विरून जाते. एका माणसाची दोन आयुष्ये एका हाकेच्या अंतरावर उभी आहेत! आणि हे पाहायला मुलगा तेथे नाही. वाचक मात्र आहे. मुलाला जे दिसत नाही ते वाचकाच्या पदरात टाकण्याची ही युक्ती फार साधी, परंतु तीवर सबंध कादंबरी उभी आहे.

दुसरी भेट बझारोव्हची. तो तीन वर्षांनी घरी येतो आणि तीन दिवसांत निघून जातो. येथे वाचक साहजिकच त्याला कठोर ठरवून मोकळा होतो. विशीत आम्हांस त्याचा अभिमान वाटला होता आणि पन्नाशीत राग आला. आता दोन्ही चूक वाटतात. म्हातारा वसीली इवानोविच, सैन्यातील निवृत्त डॉक्टर, आपला आनंद लपविता लपविता थकतो. पत्नीला बजावतो, की मुलाला त्रास देऊ नकोस. बझारोव्हला हे सगळे दिसते. आई भिंतीपलीकडे उसासे टाकते ते ऐकू येते, पण तिच्याजवळ जावे तर बोलायला काही नाही, असे तो मित्राजवळ बोलून दाखवितो. गंजीच्या सावलीत पडून आईबापांच्या भरगच्च दिवसांचे वर्णन करताना त्याच्या शब्दांत उपहासाइतकाच हेवा आहे. निघण्याचे ठरल्यावर ते बापाला सांगण्याचा धीर होण्यास त्याला अख्खा दिवस लागतो, आणि शेवटी तो खोटी जांभई देत सांगतो. ज्याला समोरचा माणूस दिसत नाही, त्याला खोटी जांभई द्यावी लागत नाही. अर्कादीपेक्षा बझारोव्हची नजर स्वच्छ आहे. जे दिसले त्याचे काय करावे, हे मात्र त्याला कळत नाही.

एके ठिकाणी खुद्द तुर्गेनेव्हही चुकला, असे आम्ही म्हणू. अरीना व्लास्येव्हनाची ओळख करून देताना तो तिच्या भोळ्या समजुतींची यादीच देतो: शकुन, स्वप्ने, बेडकांची भीती, कापलेले कलिंगड पाहून तिला संत जॉनचे छेदलेले शिर आठवते! यादी मौजेची आहे, पण तिच्यातून जुन्या काळची एक नमुनेदार बाई उभी राहते, आई नव्हे. मुलगा निघून गेल्यावर मात्र म्हातारा खुर्चीत कोसळतो आणि तीच बाई आपले पांढरे डोके त्याच्या डोक्याला टेकवून त्याला सावरते. आजवर तीच हळवी आणि तो खंबीर, असे आपण समजत होतो. या एका परिच्छेदात लेखकाने तिला यादीतून बाहेर काढले आहे.

पुढच्या खेपेस बझारोव्ह सहा आठवडे राहण्याच्या बेताने येतो आणि टायफसने मरतो. आपल्या आईबापांसारखी माणसे सहज सापडत नाहीत, हे तो शेवटच्या दुखण्यात बोलून दाखवितो. पण बोलतो ते ओदिन्त्सोवापाशी. त्या वेळी बाप डॉक्टरला घेऊन खोलीबाहेर गेलेला असतो.