रॉ फाइल आणि जेपेग यांच्या मधलं काही

छायाचित्राची समीक्षा करताना आपण नेहमी तयार चित्रासमोर उभे राहतो. चौकट, प्रकाश, क्षण यांबद्दल बोलतो आणि घरी जातो. आज आम्ही त्या चित्राच्या मागे असलेल्या फाइलबद्दल बोलणार आहोत. लेअर्स शाबूत असलेली कामाची फाइल, म्हणजे पीएसडी किंवा टिफ. बरेच जण काम झालं की सगळे लेअर्स फ्लॅटन करतात, जेपेग काढतात आणि मोकळे होतात. आमच्या मते, त्या क्षणी चित्राबद्दल नीट वाद घालण्याची सोयच संपते.

एक उदाहरण घेऊ. पॉल हॅन्सन या स्वीडिश छायाचित्रकाराने नोव्हेंबर 2012 मध्ये गाझा शहरात एक चित्र टिपलं. अरुंद गल्ली, पांढऱ्या कफनात गुंडाळलेली दोन लहान मुलं, त्यांना उचलून नेणारे नातेवाईक. फेब्रुवारी 2013 मध्ये या चित्राला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा वर्षातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चेहऱ्यांवरचा प्रकाश काहींना सिनेमासारखा वाटला आणि कुजबुज सुरू झाली. मे महिन्यात नील क्रावेट्झ या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने फाइलमधल्या संस्करणाच्या नोंदी वाचून जाहीर केलं, की हे चित्र अनेक फायली जोडून बनवलेलं आहे.

हॅन्सन यांचा खुलासा साधा होता. गल्लीत उजेड असमान होता, म्हणून एकच रॉ फाइल त्यांनी कमी-जास्त घनतेने डेव्हलप केली आणि ती रूपं एकमेकांवर ठेवली. म्हणजे काय, तर थर. चित्र एकच, फक्त स्वतःवरच रचलेलं. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने स्वतंत्र तज्ज्ञांकडून रॉ फाइल आणि पुरस्कारप्राप्त चित्र ताडून घेतलं. निष्कर्ष असा, की रंग आणि छटांवर काम झालं आहे, पण जोडकाम नाही.

आता इथे थांबून बघा. रॉ फाइलने एका प्रश्नाचं उत्तर दिलं : चित्रात बाहेरून काही आणलं का? नाही. पण प्रेक्षकांना खटकलं होतं ते वेगळंच. तो उजेड तिथे किती होता आणि टेबलावर किती आला? याचं उत्तर रॉ फाइलमध्ये नसतं, कारण ती काम सुरू होण्याआधीची. जेपेगमध्येही नसतं, कारण ते काम संपल्यानंतरचं. मधला सगळा प्रवास थरांमध्ये असतो. एकेक लेअर बंद करत गेलं, की दिसतं : भिंत इथे उजळली, हा चेहरा इथे पुढे आला, आकाश इथे दाबलं. मग विचारता येतं, या शोकाला एवढ्या उजळणीची गरज होती का? आमच्या मते हाच खरा समीक्षेचा प्रश्न होता. तो बाजूला पडला आणि दोन मेलेल्या मुलांच्या चित्रावर जग ‘खरं की खोटं’ एवढंच भांडत बसलं.

हे दुखणं डिजिटल युगाचं नाही. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी 1941 मध्ये टिपलेलं ‘मूनराइज, हर्नान्डेझ’ घ्या. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश करडं, ढग दिसणारं. नंतरच्या प्रिंट्समध्ये जवळजवळ काळंकुट्ट. निगेटिव्ह बघून ते काळं आकाश कुणालाच कळलं नसतं. पण अ‍ॅडम्स यांनी आपली प्रिंट काढण्याची रीत लिहून ठेवली, म्हणून आज त्या निर्णयावर बोलता येतं. डार्करूममधला हात हवेतच फिरतो, त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते. फोटोशॉपमध्ये 1994 साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर लेअर्स आले, 1996 मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेअर्स आले, आणि नोंद आपोआप व्हायला लागली. इतकी सोय हाताशी असताना आपण ती शेवटी पुसून टाकतो!

अडचणी आहेत, हो. 24 मेगापिक्सेलचं चित्र 16 बिटमध्ये उघडलं, तर पूर्ण चित्राची प्रत ठेवणारा प्रत्येक लेअर सुमारे 144 मेगाबाइट जागा मागतो. पीएसडीची मर्यादा 2 गिगाबाइट, पुढे पीएसबी वापरावं लागतं. पण अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये फक्त सूचना आणि मास्क असतो, तो फार कमी जागा घेतो. तेव्हा शक्य तिथे चित्राच्या प्रती रचण्याऐवजी अ‍ॅडजस्टमेंट लेअर्स वापरावेत. आणि लेअर्सना नावं द्यावीत. ‘लेअर 14 कॉपी’ यावरून सहा महिन्यांनी खुद्द करणाऱ्यालाही काही कळत नाही. ‘डावी भिंत उजळ’ असं लिहिलं तर कळतं.

कुणी म्हणेल, थरांची फाइल मागाहूनही रचता येते. बरोबर. म्हणून प्रामाणिकपणाचा पुरावा रॉ फाइलच राहील, तिला पर्याय नाही. थरांची फाइल दाखवते ती कलावंताची पसंती. दुसरा आक्षेप असा, की स्वयंपाकघर पाहुण्यांना का दाखवायचं? सगळ्यांना दाखवू नका. पण वृत्तचित्र असेल, तर निदान संपादकाने छापण्याआधी ती फाइल उघडून बघावी.

रॉ फाइल जपा, हे आता छायाचित्रकारांना पटलं आहे. कारण ती नसली तर स्पर्धेतून बाद व्हायची भीती असते. थरांची फाइल मात्र कुणी मागत नाही, म्हणून ती जाते. स्पर्धांनी, संपादकांनी आणि आपणही ती मागायला सुरुवात केली पाहिजे. चित्र कुठवर ताणलं आणि कुठे थांबवलं, हे बघायला मिळालं तरच छायाचित्रकाराच्या संयमाला दाद देता येईल. अतिरेक झाला असेल, तर त्यावरही नेमकं बोट ठेवता येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.