सात निवास आणि सोपानाचा भ्रम

आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांच्या ‘एल कास्तियो इंतेरिओर’ म्हणजे ‘अंतरीचा गड’ या ग्रंथातील सात निवास पाहून भारतीय वाचकाला योगवासिष्ठातील सप्तभूमिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र सातावर सात ठेवण्याचा मोह आवरला नाही, तर ग्रंथाचा घाटच हातून निसटतो.

पहिल्याच निवासाच्या निरूपणात तेरेसा बजावतात, की हे निवास एकापुढे एक ओळीने मांडलेले नाहीत. पाल्मितो या खुज्या ताडाचा गर जसा अनेक सालींच्या आत दडलेला असतो, तसा राजाचा कक्ष मध्यभागी असून त्याच्या वर, खाली, सभोवार दालने आहेत. प्रार्थना करणाऱ्या जीवाने त्यांतून मोकळेपणी वावरावे. राजाच्या कक्षात पोहोचलेल्यालाही आत्मज्ञानाचे दालन सुटत नाही. सोपानाच्या कल्पनेत मागे टाकलेल्या पायरीला असे स्थान देता येत नाही.

हा बदल जलप्रतिमांतून अधिक स्पष्ट होतो. १५६५ मध्ये सिद्ध झालेल्या आत्मचरित्रात प्रार्थनेच्या बागेला चार प्रकारे पाणी मिळते: विहिरीतून शेंदून, रहाटाने, ओढ्याचे आणि अखेर पावसाचे. माळ्याचे कष्ट क्रमाक्रमाने घटतात. परिमाण श्रमाचे आहे. ‘गडा’च्या चौथ्या निवासात मात्र दोनच कुंडे उरतात. एकात दुरून, पाटांतून आणि खटपटीने पाणी येते. हे मनन होय. दुसरे झऱ्यावरच बांधलेले असल्याने निःशब्द भरते. ही शांतीची प्रार्थना. येथे भेद श्रमाच्या मात्रेचा नसून उगमाचा आहे. प्रतिमा येथे विचाराची सजावट करीत नाही. विचारच तिच्यामुळे बदलतो.

या पुनर्लेखनामागे परिस्थितीचाही रेटा होता. १५५९ च्या निषिद्ध ग्रंथसूचीने देशी भाषेतील अनेक भक्तिग्रंथ स्पेनमधील वाचकांपासून हिरावले होते. आत्मचरित्राची प्रत १५७५ पासून धर्मन्यायपीठाच्या ताब्यात होती, म्हणून ग्रासियान यांनी नवे पुस्तक लिहिण्यास सांगितले. २ जून १५७७ रोजी तोलेदोत आरंभलेले लेखन, मध्ये दीर्घ खंड पडूनही, २९ नोव्हेंबरला आविलात संपले. स्वानुभव सांगताना ‘एक परिचित व्यक्ती’ असा आडपडदा त्या का धरतात, हे यावरून उमगते. (निव्वळ विनयाची ही खूण मानणे भाबडेपणाचे होईल.)

अर्थात ग्रंथात क्रम नाहीच, असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. सहाव्यात आत्मिक वाङ्‌निश्चय, सातव्यात विवाह, हा क्रम उघडच आहे. पण सत्तावीस प्रकरणांपैकी अकरा एकट्या सहाव्या निवासाला दिलेली आहेत, आणि त्यांचा प्रारंभ लोकनिंदा, आजारपण व साशंक पापनिवेदन-गुरू यांनी होतो. योगवासिष्ठाच्या सहाव्या भूमिकेत, पदार्थाभावनीत, पदार्थांचे भान मावळते; तेरेसांच्या सहाव्यात जग अधिकच टोचते. सातव्यातही त्या मार्था आणि मरिया या दोघी बहिणींना एकत्र राबायला लावतात, कारण येशूला घरी ठेवून घ्यायचे, तर त्याला जेवू घालायलाही कोणीतरी हवे.